लाईटहाऊस बघायला आलेले काका

अकरा वर्षं इजिप्तच्या टूर करतेय. कैरो-अलेक्झांड्रिया, जायचे सव्वादोनशे किलोमीटर आणि संध्याकाळी परत, आता झोपेतही करीन. लोकांना वाटतं टूर मॅनेजर म्हणजे फुकट फिरणं. खरं काम म्हणजे हेडकाउंट, वॉशरूमसाठी सुट्टे पाउंड, आणि कॅटाकोंबच्या, म्हणजे जमिनीखालच्या थडग्यांच्या, 99 पायऱ्या कोणाच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत ते नाश्त्यालाच ओळखणं. अलेक्झांड्रियातला पॉम्पीचा खांब रोमन बादशहा डायोक्लेशियनसाठी उभारलेला, पॉम्पी या रोमन सेनापतीचा काडीचा संबंध नाही, हे दरवेळी घसा कोरडा करून सांगते आणि लोक फोटोखाली पॉम्पीच लिहितात, असो.

त्या दिवशी ग्रुपमध्ये एक काका होते, सिंधुदुर्गातले, दीपगृह खात्यातून रिटायर झालेले. कायतबे किल्ल्यापाशी बस थांबली, उतरले, चारी बाजूला बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, लाईटहाऊस खंय?"

आमच्या ब्रोशरमध्ये छापलंय 'प्राचीन आश्चर्य फॅरोस दीपगृहाला भेट'. मार्केटिंगवाल्यांनी कधी समुद्र तरी बघितलाय की नाही देव जाणे. दीपगृह इ.स.पू. 280 च्या सुमाराचं, शंभर मीटरहून उंच, पण 1303 च्या भूकंपाने पार खिळखिळं झालं, आणि 1477 मध्ये सुलतान कायतबेने त्याच जागेवर किल्ला बांधायला घेतला, पडलेले दगडही त्यातच वापरले. बाकीचे समोर पाण्याखाली, 1994 पासून पाणबुडे त्यांची मोजमापं घेतायत. हे सगळं मी त्यांना तिथे उभं राहून सांगितलं. बसमध्ये तीन तास हातात होते, तेव्हा का नाही सांगितलं?

काका चिडले नाहीत. दगडावर हात ठेवून विचारलं, "इतक्या उंचावर रोज सरपण कोण चढवायचं? आणि या देशात झाडं कुठायत?" आमच्या लोकल गाइडकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. फ्रेंच, इटालियनमध्ये दीपगृहाला अजून 'फार', 'फारो' म्हणतात, ते याच फॅरोस बेटावरून, एवढं सांगितलं तर तेवढ्यावरही खूश झाले. चाळीस मिनिटांचा स्टॉप सव्वा तास झाला, अलेक्झांड्रियाची लायब्ररी बसच्या खिडकीतून दाखवावी लागली, त्यावरून दोन फॅमिलींनी मला ऐकवलं.

फीडबॅक फॉर्मवर काकांनी सगळीकडे 'उत्तम' टिक केलंय. भांडले असते तर बरं वाटलं असतं. ती ओळ बदला म्हणून ऑफिसला मेल टाकला होता, काल पुढच्या सीझनचं ब्रोशर आलं, ओळ तशीच आहे, फक्त फोटो नवा, तोही कॉम्प्युटरवर बनवलेल्या दीपगृहाचा.