गॅस गिझर, कोळशाची शेगडी आणि बाळंतिणीची खोली

धाकटी बहीण बाळंतपणाला आमच्याकडे येणार हे ठरलं आणि आईने यादी काढली. डिंक, अळीव, ओवा, बाळंतशेपा, जुनी मऊ धोतरं, मालिशवाल्या मावशी आणि शेवटी कोळशाची शेगडी. मी माझी यादी केली, त्यात दोनच गोष्टी होत्या: बाथरूममधला गॅस गिझर बाहेर काढायचा आणि ती शेगडी घरात येऊ द्यायची नाही. गिझरचं काम सोपं जाईल आणि शेगडीवरून महाभारत होईल असं मला वाटत होतं. झालं नेमकं उलटं.

आमचं घर कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीत आहे. बाथरूम चार बाय सात, वर काचेच्या पट्ट्यांची खिडकी. थंडीत गार वारा येतो म्हणून तिला आतून प्लास्टिक लावलेलं. गिझर नळाच्या डोक्यावर आणि सिलिंडर ड्राय बाल्कनीत. पुण्यात अशी शेकडो घरं सापडतील. हिवाळ्यात गॅस गिझरमुळे बाथरूममध्ये मृत्यू झाल्याची बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येते. आपण ती वाचतो, 'अरेरे' म्हणतो आणि टॉवेल घेऊन त्याच बाथरूममध्ये शिरतो.

घरात पहिला मुद्दा निघाला तो वासाचा. "गॅस लीक झाला तर वास येतोच की!" येतो, खरं आहे. एलपीजीला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो, म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. पण तो वास न जळलेल्या गॅसचा. गॅस पेटला की मर्कॅप्टनही जळून जातं. कार्बन मोनॉक्साइड तयार होतो तो जळताना, हवा अपुरी पडली की. त्याला ना रंग, ना वास. म्हणजे ज्या नाकावर आपण विसंबतो ते गळतीपुरतं कामाचं, या दुसऱ्या संकटात त्याचा काडीचा उपयोग नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. आपल्याकडे याला पित्त म्हणायची पद्धत आहे. गरोदर बाईच्या बाबतीत गोष्ट आणखी गंभीर, कारण पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन हा वायू आईच्यापेक्षाही जास्त धरून ठेवतं आणि सोडायला जास्त वेळ लावतं.

मेहुणे म्हणाले, कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर आहे ना घरात, शंका आली तर बोटाला लावू. नेमकं इथेच फसायला होतं. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन आणि मोनॉक्साइडवालं हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. माणूस बेशुद्धीकडे चाललेला असताना तो खुशाल 98 दाखवेल. खरं काय ते रक्ताच्या कार्बोक्सिहिमोग्लोबिन तपासणीतच कळतं. त्यामुळे दवाखान्यात गेल्यावर 'आंघोळीला गेले होते, बाथरूममध्ये गॅस गिझर आहे' हे आपणच डॉक्टरांना आधी सांगायला हवं. उपचार म्हणजे मास्कने शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

आईला आकडे सांगितल्याशिवाय पटत नाही (बँकेत नोकरी केली आहे तिने), म्हणून एका संध्याकाळी कागद घेऊन बसलो. मिनिटाला सहा लिटरचा गिझर पूर्ण चालला तर तासाला साधारण किलोभर गॅस खातो. एक किलो गॅस नीट जळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते. आमच्या बाथरूममध्ये हवा किती? चार बाय सात बाय आठ फूट, म्हणजे जेमतेम सहा घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर अर्ध्या तासात आतली सगळी हवा संपेल एवढी त्या गिझरची भूक. आणि मोनॉक्साइड व्हायला हवा संपावी लागत नाही. ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून दोन-तीन टक्के उतरला तरी ज्योत बिघडायला लागते. आईचा प्रश्न रास्त होता: मग इतकी वर्षं काही कसं झालं नाही? कारण तिची आंघोळ बादलीची. बादली तीन मिनिटांत भरते आणि गिझर बंद होतो. शॉवरखाली पंधरा मिनिटं उभं राहणारी, केस धुणारी, आणि एकामागून एक आंघोळीला जाणारी माणसं आली की तोच गिझर वेगळा वागतो.

कागद पाहून आई म्हणाली, "बरं, काढा." इथून खरी वरात सुरू झाली.

गिझर कुणाच्या अखत्यारीत येतो हे कुणालाच मान्य नव्हतं. गॅस एजन्सी म्हणाली, आम्ही सिलिंडर, रेग्युलेटर आणि स्वयंपाकाची शेगडी बघतो. गिझर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, आम्ही मशीन उघडू, जागा बदलणं आमचं काम नाही. प्लंबरला पाण्याच्या पाइपाशी मतलब, गॅसला तो हात लावणार नाही (आणि ते बरोबरच आहे). सेक्रेटरींनी विचारलं, भिंतीला भोक पाडणार असाल तर अर्ज दिलात का? चौघांची गाठ एका सकाळी घालून द्यायची असं मी ठरवलं. ते अर्थातच जमलं नाही. शेवटी क्रम लावून घेतला: आधी सोसायटीचं पत्र, मग सर्व्हिसवाला, मग प्लंबर, सर्वांत शेवटी एजन्सीचा मेकॅनिक.

सर्व्हिसवाल्या मुलाने कव्हर काढण्याआधी गिझर चालू करून मला खालच्या छोट्या खिडकीतून ज्योत बघायला लावली. निळ्या ज्योतीच्या टोकांना पिवळी शेपटं होती, ती मधूनच लवलवत होती. मग त्याने पाणी, गॅस बंद करून कव्हर उतरवलं. तांब्याच्या पट्ट्यांच्या जाळीत काळी, मऊ काजळी बसलेली. बर्नरच्या एका भोकात कोळ्याचं जाळं. त्याने ब्रशने काजळी झाडली ती खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर मूठभर पडली. "पिवळी ज्योत आणि काजळी दिसली म्हणजे हवा कमी पडतेय, ताई. वर्षातून एकदा तरी उघडायला पाहिजे." साफ केल्यावर ज्योत सरळ निळी. आमच्या मॉडेलला वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय आहे. ती मोनॉक्साइडपासून वाचवते असा समज मात्र करून घेऊ नये, ती नुसती घड्याळ बघते.

आता ड्राय बाल्कनी. नावाला बाल्कनी. कबुतरांच्या उच्छादामुळे आमच्याकडे तिला स्लायडिंगच्या काचा लावून टाकलेल्या. म्हणजे गिझर बाथरूममधून काढून दुसऱ्या बंद खोलीत टांगण्यासारखंच. काचा काढाव्या तर आई म्हणे, कबुतरं घरटी करतील आणि बाळ घरात येणार आहे. तिचंही खोटं नव्हतं. तोड निघाली ती अशी: एका बाजूच्या काचा कायमच्या काढून तिथे जाळी. वरून खालपर्यंत मोकळी, सरकवून बंद करता येणार नाही अशी. बंद करता आली तर थंडीत कुणीतरी करणारच. पावसाळी वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून गिझर जाळीसमोर न लावता बाजूच्या भिंतीवर घेतला. त्याच्या डोक्यावरून जाणारी कपड्यांची दोरी हलवली. गिझरच्या वर दुपटी वाळत घालणं म्हणजे आगीला आमंत्रण, आणि बाळाच्या घरात दुपट्यांना तोटा नसतो.

एजन्सीचा मेकॅनिक आला आणि त्याने आधी एक टी-जोड पकडला. आधीच्या मालकांनी रबरी नळी कापून, मध्ये टी घालून एका सिलिंडरवर स्वयंपाकाची शेगडी आणि गिझर दोन्ही चालवले होते. वर क्लिपऐवजी तार पिळलेली. "हे आधी निघणार," तो म्हणाला. सिलिंडरपासून तांब्याची पाइप टाकली, दोन्हीकडे स्वतंत्र कॉक दिले आणि टोकाशी नवीन केशरी सुरक्षा ट्यूब जोडली. ट्यूबवर साल छापलेलं असतं, पाच वर्षांनी ती बदलायची. मग साबणाच्या पाण्यात दाढीचा जुना ब्रश बुडवून त्याने एकेका जोडाला फेस लावला. एका कॉकपाशी मोहरीएवढा बुडबुडा फुगला. वास मला तरी आला नव्हता. जोड पुन्हा आवळला, पुन्हा फेस, तेव्हा कुठे स्वारी खूश. वॉशिंग मशीनच्या प्लगजवळ ठेवलेला सिलिंडर त्याने दुसऱ्या कोपऱ्यात न्यायला लावला, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो आणि ठिणगीची वाट बघतो. जाताना गळतीच्या तक्रारीसाठी 1906 हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा म्हणाला. लिहिला.

अलार्म घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने हसतमुखाने 'गॅस डिटेक्टर' हातात ठेवला. तो एलपीजीचा. तो जमिनीलगत लावतात आणि मोनॉक्साइडला तो ओळखत नाही. डब्यावर स्पष्ट 'कार्बन मोनॉक्साइड' लिहिलेलं आणि ईएन 50291 हे युरोपीय मानक छापलेलं यंत्र शेवटी ऑनलाइन मिळालं. मोनॉक्साइड हवेत मिसळून सगळीकडे पसरतो, म्हणून हे यंत्र झोपायच्या खोलीत, निजल्यावर नाक असतं त्या उंचीच्या आसपास लावलं. बाथरूममध्ये लावू नये, वाफेने खराब होतं. एक गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते: हवेच्या दहा लाख भागांत 50 भाग मोनॉक्साइड असेल तर ते तासाभराने ओरडतं, 300 भाग असेल तर तीन मिनिटांच्या आत. म्हणजे उदबत्तीजवळ धरून 'वाजत नाही, फसवलं' म्हणण्यात अर्थ नाही. सेन्सरलाही मुदत असते, ती मागच्या बाजूला छापलेली असते.

बाथरूमची आतली कडीही बदलली. आता बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते. आत कुणी पडलं तर दार तोडत बसायला नको.

राहिली शेगडी. मालिशवाल्या मावशींशी भांडायचं नाही हे आईने आधीच बजावलं होतं. मावशी म्हणाल्या, "ताई, मी काय धुराची शेगडी आत आणते व्हय? गॅलरीत निखारे फुलवायचे, धूर गेला की मग खोलीत. दार-खिडकी लावून. बाळंतिणीला वारा लागायला नको." पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आलेत, आणि धोका नेमका तिथेच आहे. धूर गेला म्हणजे मोनॉक्साइड गेला असं नाही. लालबुंद, बिनधुराचा निखारा बंद खोलीत तो भरपूर सोडतो. धूर असता तर डोळे तरी चुरचुरले असते. मी एवढंच विचारलं, "मावशी, शेगडीच्या खोलीत बसून तुमचं डोकं कधी दुखतं का?" त्या जरा थांबल्या. "दुखतंय की. उष्णतेनं." मग त्यांनीच आठवण काढली की त्यांच्या गावाकडे काही घरांत शेगडी न आणता ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक देतात. आमचा तह त्याच्यावर झाला. पुरचुंडी स्वयंपाकघरात तव्यावर तापते, मावशी ती आधी स्वतःच्या हाताच्या पाठीवर टेकवून बघतात आणि मगच बहिणीच्या पाठीला लावतात. बाळाला धुरी द्यायची नाही हे बालरोगतज्ज्ञांनी सांगून टाकलं, त्यामुळे तो वाईटपणा माझ्याकडे आला नाही.

आता अडचण एकच. गिझर लांब गेल्यामुळे बाथरूमच्या नळाला गरम पाणी यायला वेळ लागतो आणि तोवर बरंच गार पाणी वाहतं. ते बादलीत धरून दुपटी भिजवायला घेतो. विजेचा गिझर लावावा असं मेहुण्यांचं मत आहे, पण इलेक्ट्रिशियनने सोळा अँपियरचा बोर्ड उघडला तर आतली वायर दीड एमएमची आणि तिचं आवरण काळवंडलेलं. मेन बोर्डापासून वेगळी जाड लाइन, 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) आणि अर्थिंगची तपासणी झाल्याशिवाय तो गिझर जोडणार नाही म्हणाला. त्याचं अंदाजपत्रक आलं आहे, सोसायटीला दुसरा अर्ज दिला आहे, आणि सेक्रेटरी म्हणतात मीटिंग पुढच्या महिन्यात.