किट घेऊन आलेले गुरुजी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा आठवडा म्हणजे अमळनेरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. माहेरी आलेल्या लेकी, लग्नांचे बस्ते, आणि डोक्यावर आपलं खान्देशचं ऊन. माझ्याकडे या दिवसांत गर्दी असते ती सेल बदलणाऱ्यांची. वर्षभर कपाटात पडलेली घड्याळं लग्नासाठी बाहेर निघतात, आणि निघतात तेव्हा हमखास बंद असतात.

अशाच एका दुपारी पारोळ्याकडच्या एका खेड्यातले तरुण गुरुजी आले. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात चेन लावलेलं काळं पाकीट. डब्यात घरातली सगळी बंद घड्याळं. पाकिटात ऑनलाइन मागवलेलं दुरुस्तीचं किट.

"आप्पा, काम द्यायला नाही आलो. यातलं कोणतं अवजार कुठे वापरायचं, तेवढं दाखवा. गावात घड्याळवाला नाही. दर वेळी इथं यायचं म्हणजे सेलपेक्षा एसटीचं भाडं जास्त."

शेजारचा कटलरीवाला ऐकतच होता. "शिकाडी दे आप्पा, मंग बठ माश्या मारत!"

मला तसं वाटत नाही. भाजीच्या सुरीने उघडायला जाऊन कॉइल तुटलेलं घड्याळ माझ्याकडे येतं, तेव्हा मशीनच बदलावी लागते. गिऱ्हाइकाला वाटतं मी लुटतोय, आणि मलाही त्यात फारसं सुटत नाही. त्यापेक्षा माणूस नीट शिकलेला परवडला. म्हटलं, बसा.

किट उघडलं. पंचवीस-तीस वस्तू असतील. बऱ्याचशा पट्ट्याच्या कड्या काढायच्या पिना आणि हातोडी. सेलशी त्यांचा काही संबंध नाही. त्या बाजूला सारल्या. मग गुरुजींना सांगितलं, अवजाराकडे नंतर बघू, आधी घड्याळ उलटं करा. झाकण कसलं आहे त्यावर अवजार ठरतं.

त्यांच्या डब्यात तिन्ही जातींची झाकणं होती. मुलाचं कॅसिओचं डिजिटल, त्याला चार कोपऱ्यांत चार बारीक स्क्रू. गुरुजींचं स्वतःचं जाड घड्याळ, त्याच्या झाकणाच्या कडेला गोल खाचा, म्हणजे आट्यांचं. आणि त्यांच्या मंडळींचं छोटं सोनेरी, गुळगुळीत पाठीचं, दाबून बसवलेलं.

स्क्रूवालं सोपं, फक्त ड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत गच्च बसलं पाहिजे. किटमधल्या ड्रायव्हरचं पोलाद मऊ होतं, पहिल्याच स्क्रूला टोक गोल झालं. माझा दिला. आत 2016 नंबरचा लिथियमचा सेल, 3 व्होल्टचा. 20 म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास, 16 म्हणजे जाडी 1.6 मिलिमीटर. नंबर असा वाचता आला की चुकीचा सेल घेतला जात नाही. सेल बदलून धातूच्या चिमट्याचं एक टोक 'एसी' लिहिलेल्या भोकात आणि दुसरं सेलच्या वरच्या बाजूला, दोनेक सेकंद टेकवलं. असं केलं नाही तर आकडे कधी कधी वेडेवाकडे येतात. जुना सेल गुरुजी टेबलावर ठेवणार तोच मी तो चिकटपट्टीत गुंडाळला. घरात लहान मूल असेल तर हा सेल पैशापेक्षा जपावा. गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं.

आट्यांच्या झाकणाला किटमधला दोन पिनांचा पान्हा होता. तो मी वापरू दिला नाही. पिना हलतात, घसरतात आणि झाकणावर ओरखडा उमटतो. मी रबराचा चिकट चेंडू काढला, झाकणावर दाबला आणि उलटा फिरवला. सुटलं. फार आवळलेलं असेल तर तीन जबड्यांचा पान्हा लागतो, पण घरी चेंडूने बरंचसं काम भागतं. आत रबराची रिंग होती, तिला सिलिकॉनचं ग्रीस बोटभर नव्हे, नुसतं पुसल्यासारखं. ती पिळली किंवा तुटली तर घड्याळात पाणी शिरणारच.

गुरुजींनी सेल उचलायला किटमधला स्टीलचा चिमटा घेतला. थांबवलं. स्टीलचा चिमटा सेलच्या वरच्या आणि खालच्या बाजूला एकदम टेकला की सेल शॉर्ट होतो. प्लास्टिकच्या टोकाचा चिमटा दिला. आणि आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावून आत बघायला लावलं. सेलच्या शेजारी तांब्याच्या तारेचं वेटोळं दिसतं, तीच कॉइल, तार केसाहून बारीक. तिथे ड्रायव्हर घसरला की घड्याळ संपलं. गुरुजी श्वास रोखून बघत होते. ड्रायव्हर धरलेल्या हाताचं मनगट टेबलाला टेकवायला सांगितलं, मग हात हलेना.

किटसोबत सेलची एक पट्टी फुकट आली होती, सगळे अल्कलाइन. घड्याळाला सिल्व्हर ऑक्साइड हवा, त्यांच्या घड्याळाला 377, म्हणजेच 626. तो शेवटपर्यंत 1.55 व्होल्टच्या आसपास राहतो आणि मग एकदम बसतो. अल्कलाइन पहिल्या दिवसापासून उतरत जातो, आणि लवकर गळतो. डब्यातल्या एका घड्याळात तेच झालेलं, पत्र्यावर हिरवट-पांढरी बुरशी. ते मी ठेवून घेतलं.

खरी गंमत सोनेरी घड्याळाची. दाबाचं झाकण गुरुजींनी स्वतः उघडलं. कडेला बारीक ओठ असतो, तिथे आखूड जाड पात्याची सुरी टेकवून उपटायचं नाही, पिळायचं. पट्कन निघालं. आनंद झाला त्यांना. सेल घातला, काटा फिरला. आणि झाकण बसेना. अंगठ्याने दाबलं, दोन अंगठ्यांनी दाबलं, टेबलावर ठेवून तळव्याने दाबायला लागले तेव्हा मी घड्याळ काढून घेतलं. अशीच काच फुटते. घरचे लोक उघडण्याचं अवजार घेतात, बसवण्याचं घेत नाहीत.

आधी चावीची दांडी जिथून जाते तिथे झाकणाला कापलेली खाच असते, ती जुळवली. त्यांनी ती अर्ध्या बोटाने चुकवली होती. मग दाबयंत्र. किटमध्ये एक होतं, प्लास्टिकच्या गोल चकत्यांसकट, पण खालची चकती गुरुजी सपाट लावत होते. ती पोकळ बाजूने लावायची आणि काचेपेक्षा मोठी हवी. भार काचेवर नाही, काचेभोवतीच्या धातूच्या कडेवर आला पाहिजे. वरची चकती झाकणाच्या कडेपेक्षा किंचित लहान. हळूच दाबलं. 'टक्' आवाज झाला. हा आवाज आला नाही तर झाकण बसलेलं नाही, दिसायला कितीही बसलेलं दिसो.

डब्याच्या तळाशी एक शेवटचं राहिलं होतं. तबकडीवर देवनागरीत 'जनता'. एचएमटी.

"हे बाबांचं," गुरुजी म्हणाले. "ते गेल्यापासून बंद. याला कोणता सेल लागतो ते कुठे मिळालंच नाही."

मी काही न बोलता चावी फिरवली. हळू, शेवटी अडेपर्यंत. घड्याळ कानाला लावलं आणि त्यांच्या हातात दिलं.

गुरुजींचा चेहरा! "चालू व्हई गयं?"

"येन्हामा सेलच नही शे गुरुजी."

बंगळूरच्या कारखान्यात 1961 पासून जपानच्या सिटिझनच्या मदतीने ही बिनसेलची, चावीवर चालणारी घड्याळं बनायला लागली. रोज एका ठरलेल्या वेळी चावी द्यायची, दीड दिवस सहज चालतात. पस्तिशीच्या माणसाला हे ठाऊक नव्हतं याचं मला नवल वाटलं नाही, त्याने कधी पाहिलेलंच नसणार. कटलरीवाला मात्र हसून हसून लाल. तेल सुकलेलं होतं, एकदा खोलून धुवायला हवं, म्हणून तेही मी ठेवून घेतलं. गुरुजींना ते सोडवेना, पण दिलं.

जाताना त्यांनी माझ्याकडून प्लास्टिकचा चिमटा, चेंडू, दोन चांगले ड्रायव्हर आणि ग्रीसची डबी नेली. किटमधली सुरी आणि दाबयंत्र तेवढं कामाचं, बाकी पोरांना खेळायला द्या म्हटलं, पिना आणि सेल सोडून.

पावसाळ्यात त्यांचा फोन आला. गावातल्या कुणाच्या घड्याळाचं झाकण काही केल्या निघत नव्हतं. फोटो मागवला. पाठीला ना खाच, ना ओठ, ना स्क्रू, सगळी केस एकाच तुकड्याची.

"सुरी लावली का?"

"नाही आप्पा, आधी तुम्हाला विचारलं."

"हे पाठीकडून उघडतच नाही. पुढून काच काढावी लागते, ते घरी नको. कुणी बाजाराला येत असेल त्याच्याबरोबर पाठवा, आणि बाबांचं तयार आहे, ते न्यायला तुम्ही या."