आक्काचा टाळ

आक्का माघात गेली. चैत्रात तिच्या दिंडीच्या महाराजांचा फोन आला, "आक्कांच्या जागी घरातलं कोण येणार?" कुणी येणार का, असं त्यांनी विचारलंच नाही. घरात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आक्का म्हणजे माझी थोरली आत्या. माण तालुक्यातली कोरडवाहू जमीन, तरुणपणी आलेलं वैधव्य, गळ्यात तुळशीची माळ आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. मी पुण्यात नोकरी करणारी. दरवर्षी पुणे ते सासवड चालायचं, दिवे घाटात फोटो काढायचे नि रात्री घरी येऊन गादीवर झोपायचं. आक्का त्याला वारी म्हणत नसे. "फिराया येती आमची पोरगी," असं सगळ्या दिंडीला ऐकवायची.

यंदा आळंदीपासून निघाले. आमची दिंडी ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीच्या रथामागची, बाया पुरुषांहून जास्त. पहिल्याच मुक्कामी कळलं की आपल्याला इथं नाव नाही. "आक्काची भाची" एवढीच ओळख, आणि तिचे फायदे-तोटे दोन्ही. चहा आधी मिळायचा, पण पहाटे उठायला उशीर झाला की कुणीतरी म्हणायचंच, "आक्का असती तर वाकळंसकट उचलून टाकली असती."

जेजुरी मागं पडली आणि वाल्ह्याच्या तळावर माझ्या टाचेचा फोड टरारला. मी पिशवीतून पट्टी काढली, तर शेजारच्या मावशींनी हात धरला. त्यांनी सुईत पांढरा दोरा ओवला, सुई मेणबत्तीवर धरली, फोडातून आरपार घातली आणि दोऱ्याची दोन टोकं बाहेर ठेवून मधला दोरा आतच सोडला. दोऱ्यावाटे पाणी आपसूक झिरपतं, कातडी शाबूत राहते. वर खोबरेल नि हळद. "आक्कानंच शिकवलं," मावशी म्हणाल्या. "माझ्या पायावर शिकवलं. ओरडले तर थोबाडीत दिली." डॉक्टरला हे आवडणार नाही, मलाही तेव्हा आवडलं नव्हतं, पण सकाळी चालता आलं.

नीरेवर माऊलींच्या पादुकांना स्नान झालं, पूल ओलांडला की सातारा जिल्हा. आक्काकडच्या बऱ्याच बाया लोणंदला येऊन मिळतात. त्या आल्या, रडारड झाली आणि मग सुरू झाली ती टाळाची गोष्ट.

ज्यांनी वारी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. माऊलींचे भक्त हैबतबाबा, त्यांनी १८३२ च्या सुमारास या सोहळ्याला जी घडी घालून दिली, ती अजून बरीचशी टिकून आहे. संध्याकाळी तळावर पालखी आली की समाजआरतीआधी दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा नुसता कल्लोळ असतो. चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, उंच धरतो आणि सगळं एका क्षणात चिडीचूप होतं. मग हरवल्या-सापडल्याच्या सूचना. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिनं टाळ थांबवायचे नाहीत. चोपदार तिथं जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो.

तर एका वर्षी चोप वर गेला, सगळं थांबलं, आणि एकच टाळ वाजत राहिला. आक्कानं शेजारच्या टाळकऱ्याच्या हातातून काढून घेतला होता. महाराजांनी डोळे वटारले, तिनं बघितलंच नाही. चोपदार आले. आक्का म्हणाली, "बाया पहाटं तीनला उठत्यात आन् टँकरला गडी तोट्या धरून बसत्यात. आम्ही अंधारात आंगुळ्या करायच्या कुठं? तुम्ही सांगताय का त्यास्नी, का मी सांगू?"

दुसऱ्या दिवसापासून टँकरवर बायांची पाळी आधी लागली. ही गोष्ट मी तिघींकडून ऐकली. एकीच्या मते हे फलटणला झालं, दुसरीच्या मते नातेपुत्याला. तिसरी तर सांगत होती की आक्कानं चोपदारांचा चोपच धरला. तेवढं मात्र मला पटत नाही. आक्का तोंडाची फटकळ, पण चोपाला हात लावणारी नव्हती. आणि गंमत म्हणजे स्वतः तिनं हे आम्हाला घरी कधीच सांगितलं नाही. घरी आली की बोलायची ती पावसाचं, भुईमुगाचं नि वारीत किती पैसे गेले त्याचं.

माळशिरसच्या पुढे डोक्यावर तुळस घ्यायची माझी पाळी आली. तुळशीला हात न लावता चालायचं तर मान ताठ ठेवावी लागते, नजर खाली जात नाही, खड्डा पायालाच कळतो. नव्या रुंद रस्त्यावर सावली अशी नाहीच, जुनी झाडं गेली. मागून मावशी दटावत होत्या, "हिसके देऊ नको, तुळस हाय ती." पुढच्या थांब्याला उतरवून दिली तेव्हा मानेत लचक भरली होती. आक्का हे सत्तरीतही करायची.

वाखरीच्या तळावर जेवणं झाल्यावर महाराजांनी विषय काढला: पुढच्या वर्षी बायांचं पाण्याचं, राहुट्यांचं आणि शिध्याच्या हिशेबाचं कोण बघणार? आजवर तिन्ही एकट्या आक्काकडं होतं. शिध्याला कुणीच तयार होईना. टँकरसाठी मात्र दोघी एकदम उठल्या आणि एकमेकींचे जुने पाढे वाचू लागल्या. महाराजांनी हात जोडले, "माऊली, उद्या पंढरपूर आहे, उद्या भांडा." लोणंदच्या मावशी म्हणाल्या, "उद्या कशाला? आताच मिटवा." रात्री उशिरापर्यंत मिटलं नव्हतं.