रविवारचे पावतीबुक

एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी, सकाळी नऊपासून अंधार पडेपर्यंत, मी तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली असते. हातात पावतीबुक. मोटारसायकलचे दहा रुपये, चारचाकीचे तीस, गावच्या माणसाला काही नाही. चार वर्षांपासून हे काम आमच्या बचत गटाकडे आहे. इतक्या दिवसांत सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न एकच : "तलाव पाहायचे पैसे कायचे?"

पाहायचे नाहीत, गाडी लावायचे आहेत. पण हे सांगत बसायचे मी सोडून दिले. पावती फाडते आणि मागचे वाचा म्हणते. मागे सहा ओळी छापल्या आहेत. स्पीकर नाही, काचेची बाटली नाही, पाण्यात साबण नाही, बांबूच्या पलीकडे पोहणे नाही, असे. बहुतेक जण ती पावती न वाचता खिशात टाकतात, काही जण तिची नाव करून पाण्यात सोडतात.

गावच्या माणसाला फुकट, हे ठरवणे सोपे होते. गावचे कोण, हे ठरवताना ग्रामसभेचा अर्धा तास गेला. माहेरवाशिणीला पावती नाही, यावर सगळ्यांचे एकमत. मग जावयाचे काय? शेवटी ठरले की जावई बायकोसोबत आला तर फुकट, मित्रांसोबत आला तर पैसे. पुढच्याच रविवारी एका जावयाने गाडीतूनच बायकोला फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. "काकू, जाऊ द्या न जी त्यायले!" गाडीत पाच मित्र होते. तीस रुपये घेतले.

आमचे गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. नवेगावबांधचा मोठा तलाव पाहायला निघालेली नागपूरची माणसे वाट वाकडी करून आमच्याकडे येतात, कारण इथे गर्दी कमी. नवेगावचा बांध कोहळी समाजातल्या कोलू पाटलाने बांधला, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. आमचा तलाव कोणी बांधला, ते कुठे लिहिलेले नाही. कोहळ्यांनीच बांधला असेल. गोंड राजांच्या काळापासून या मुलखात तलाव बांधावा तर कोहळ्याने, असेच चालत आले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा हजारांवर मालगुजारी तलाव आहेत. मालगुजार म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणारा गावचा मालक. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून कागदावर त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. तलाव तर माजी झाला नाही, पण नाव पडले ते पडले.

कागदोपत्री तलाव जिल्हा परिषदेचा. मासेमारीचा ठेका ढिवर भावांच्या सोसायटीचा. पाणी खालच्या धानाच्या बांध्यांचे. पाळीवरचे गवत गुराख्यांचे. शिंगाड्याचा कोपरा दोन घरांचा. रविवार शहरवाल्यांचा. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला वाटे की इतके मालक असल्यावर तलाव टिकतो तरी कसा? माझे मामाजी, म्हणजे सासरे, निस्तार पत्रकाची नक्कल लोखंडी पेटीत ठेवत. गावाने कुठे गुरे चारायची, कुठून माती-लाकूड आणायचे, हे त्यात लिहिलेले असते. वाद झाला की पेटी उघडायची. निम्मे वाद पेटीची कडी वाजली की मिटत.

पण खरा वाद पाण्याच्या पातळीचा, आणि तो पेटीत मावत नाही.

आमच्या तलावातून पाणी सोडायला तुडूम आहे. पायऱ्यांसारखी उतरत गेलेली भोके आणि प्रत्येकात लाकडी खुंटी. वरची खुंटी आधी काढायची, पाणी तिथवर उतरले की त्याच्या खालची. खुंट्या काढण्याचा मान पाणकर काकांचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. तलावात म्हशीच्या पाठीसारखा एक दगड आहे, त्याला म्हसदगडच म्हणतात. तो अर्धा उघडा पडला की खुंट्या बंद, मग खाली कोणाचे कितीही धान सुकत असो. उरलेले पाणी उन्हाळ्यात गुरांचे आणि माशांचे.

तीन वर्षांपूर्वी या हिशेबात आमचा बचत गट घुसला. म्हणजे मीच घुसले.

त्या साली आमच्याकडे दोन पायडलच्या नावा नव्या आल्या होत्या. नव्या म्हणजे जुन्याच, एका शहरातल्या बागेतून मोडीत निघालेल्या, बदकाच्या आकाराच्या. दसऱ्यापर्यंत धंदा जोरात चालला. पाऊस लवकर गेला होता, धान गर्भात होते आणि शेवटच्या पाण्याची वेळ आली होती. पाणी सोडले की घाटाकडचा चिखल उघडा पडतो आणि नावा पाण्यात ढकलताच येत नाहीत. मी ग्रामसभेत उठून म्हणाले, एवढा दसऱ्याचा आठवडा जाऊ द्या, मग काढा खुंटी. गटातल्या बायांनी मान डोलावली. नावांच्या पैशांतून शाळेला पंखे घेतले होते, त्यामुळे सरपंचांनाही विरोध करणे अवघड गेले.

सोसायटीच्या एक ढिवर काकी मागे बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "बाई, तुहं बदक पानी पेत नाही. धान पेते."

सगळे हसले. मीही हसले. आणि आठ दिवस खुंटी निघाली नाही.

पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला कोणाची बांधी आहे? आमची. आठ दिवस उशिरा सुटलेले पाणी वरच्या बांध्यांनी ओढून घेतले आणि आमच्यापर्यंत आले तेव्हा माती ओली करण्यापुरते उरले होते. लोंब्या उभ्या राहिल्या, दाणा भरलाच नाही. मळणीला मूठभर हातात घेऊन चोळले तर निम्मे पोचट. नवऱ्याने काही म्हटले नाही. मामाजींनी फक्त विचारले, नावांचे किती आले? मी आकडा सांगितला. त्यांनी पोत्यांचा सांगितला. दोन्ही आकडे इथे लिहीत नाही, लाज वाटते.

आता ठराव असा आहे की पाणी सोडण्याच्या बैठकीत बचत गटाने बसायचे, ऐकायचे, पण मत द्यायचे नाही. हा ठराव मीच मांडला. गटातल्या दोघी त्यावरून अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

बांबूचे सांगायचे राहिले. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 मध्ये आली. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात आमच्याकडेही जेसीबी उतरले. गाळ काढायलाच हवा होता, आमच्या बांधीतही चार ट्रॉल्या पडल्या. पण खोदणाऱ्याला गाळाखालचा मुरूम दिसला आणि त्याने जिथे मुरूम चांगला तिथे खड्डे खोल केले. पूर्वी आमचा तलाव परातीसारखा होता, काठाकडून हळूहळू उतरत जाणारा. पोट्टे त्यातच पोहणे शिकत. पावसाळ्यात पाणी भरल्यावर वरून सगळे सारखेच दिसू लागले. माझा भाचा कमरेएवढ्या पाण्यात चालता चालता अचानक नाहीसा झाला. जाळे टाकत असलेल्या एका भाऊने केस धरून ओढला म्हणून वाचला. नंतर सोसायटीच्या माणसांनीच डोंगा फिरवून, काठी टाकून टाकून खड्डे शोधले आणि प्रत्येकाच्या कडेला लाल फडके बांधलेला बांबू रोवला. दरवर्षी काही कुजतात, नवे रोवावे लागतात. शहरातल्या माणसांना वाटते ती फोटोसाठी सजावट आहे. एका जोडप्याने लग्नाआधीचे फोटो काढताना पिवळे फडके मागितले होते.

तो उथळ काठ गेल्याने माशांचेही नुकसान झाले. काठाच्या पाणगवतात मासे अंडी घालतात. ते गवतच गाळासोबत गेले. सोसायटी रोहू-कतल्याची बोटुकली आणून सोडते, ती वाढतात. पण मरळ, शिंगूर विकत आणून सोडत नाहीत, ते आपले आपण यावे लागतात. आमच्याच जिल्ह्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत ढिवर बायांनी काही तलावांत बेशरमीची झुडपे उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, ते पाहायला आमच्या चौघी गेल्या होत्या. तिथून आल्यावर आम्हीही मे महिन्यात काठाची बेशरम उपटायला घेतली. बेशरम ती बेशरमच. शेळी तोंड लावत नाही, आणि तुकडा ओल्या मातीवर पडला की मुळे धरतो. पहिल्या वर्षी आम्ही उपटलेला ढीग हौसेने पाण्याच्याच कडेला रचला होता. पावसाने ढीग पसरवला आणि पुढच्या साली दुप्पट बेशरम. आता पाळीच्या पलीकडे उन्हात वाळवून जाळतो.

मोटरबोटवालाही एक येऊन गेला. वर्षाचे ठोक पैसे देतो म्हणाला, ऐकून सगळ्यांचे डोळे मोठे झाले. पाणकर काकांनी त्याला पाळीवर नेले आणि वाऱ्याच्या लाटांनी खाल्लेली जागा दाखवली. पाळ मातीची आहे, आतून दगड लावलेले असले तरी लाट सतत आपटली की माती सरकते. "तुही बोट दिवसभर लाटा मारनार. पाळ फुटली त खालचे धान तू भरून देशीन काय?" माणूस शहाणा होता, चहा पिऊन गेला. थंडीत बाहेरून बदके येतात तेव्हा आमची प्लास्टिकची बदकेही मंदिराच्या बाजूलाच फिरतात, पलीकडे नेली तर गटाला दंड. हा दंड एकदाच बसला आहे. आमच्याच बाईच्या पोराने नाव नेली होती.

मूर्तींचे थोडक्यात. कानोबा, गणपती, शारदा, सगळे याच तलावात जायचे. कानोबा मातीचा, लहानसा, त्याचे काही नाही. गणपती मोठे आणि पीओपीचे यायला लागल्यावर वर्षभर सोंडा आणि हात काठाला लागू लागले. आता येवा, म्हणजे तलावात पाणी येण्याची वाट, सोडून एका बाजूला खोदलेल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, विसर्जन होते. मंडळाची पोरे दोन वर्षे रुसली होती. तिसऱ्या वर्षी त्यांनीच नागपूरच्या चितारओळीतून, मूर्तिकारांच्या गल्लीतून, मातीची मूर्ती आणली आणि तिच्या किमतीची वर्गणी मागायला पहिल्यांदा माझ्याच दारात आली.

उद्या सकाळी पाणकर काका पहिली खुंटी काढणार आहेत. यंदा धान चांगले आहे. पुढच्या रविवारी माझीच पाळी, आणि घाटाकडचा चिखल उघडा पडलेला असेल. लोक विचारतील, पाणी इतके कमी कसे, नावा का बंद, पैसे परत मिळतील का? पावतीबुकही संपले आहे. म्हणून अर्जुनीच्या छापखान्यात नवे टाकायला गेले तेव्हा मागच्या बाजूला सातवी ओळ सांगितली : पाणी धानाला सोडले आहे. छापणारा म्हणाला, एवढ्याशा कागदावर सात ओळी बसत नाहीत, अक्षर बारीक करावे लागेल. करा म्हटले.