दार कुठल्या देशात?

आज दिवसभर बार्ले. हे गाव नेदरलँड्समध्ये आहे, पण त्यात बेल्जियमचे 22 तुकडे विखुरलेत आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा 7 डच तुकडे. मूळ 1198 च्या करारात. ब्राबांटच्या ड्यूकने ब्रेडाच्या सरदाराला जमीन दिली, काही शेतं मात्र स्वतःकडे ठेवली. 1843 मध्ये हद्द आखताना हा गुंता सुटेना, म्हणून इथे रेघ न ओढता 5,732 भूखंड एकेक करून वाटले.

फिरताना आधी घराच्या नंबरपाटीवरचा झेंडा बघा, मग फरशीतल्या पांढऱ्या फुल्या. घर कुठल्या देशाचं हे पुढचं दार ठरवतं. लोव्हेरन रस्त्यावर तर हद्द दारातूनच जाते, म्हणून त्या एका दाराला दोन नंबर! नियम सोयीचा, म्हणून दार सरकवून देश बदलायची युक्तीही इथे चालते.

पहिल्या महायुद्धात मात्र गंमत नव्हती. बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात, पण बार्लेतले बेल्जियन तुकडे मोकळे, कारण तिथे पोचायला तटस्थ नेदरलँड्स ओलांडावं लागे. 1915 मध्ये तिथे बिनतारी केंद्र उभारलं, तेव्हा डचांनी भोवती कुंपण घातलं.