दोन मिनिटं

२ सप्टेंबर, रात्री

आज हेलिकॉप्टर घेऊन जुहूहून निघालो आणि जुहूलाच परत उतरलो. तिकडे पाटणला सगळं तयार होतं. बांधकाम खात्याच्या माणसांनी चिखलावर मुरूम टाकून रोलर फिरवला होता, चुन्याने गोल आणि त्यात एच आखला होता. त्यांची मेहनत वाया गेली, त्याचं वाईट वाटतं.

सकाळचा पुण्याचा हवामान अहवाल बरा होता. पनवेलपर्यंत खालचं सगळं स्वच्छ दिसत होतं. खोपोलीच्या पुढे बोरघाट मात्र ढगांनी बुजलेला. उजव्या अंगाला एक फट दिसत होती. तिथून पलीकडचं ऊन दिसल्यासारखं वाटलं, म्हणून मी त्या फटीवर नजर ठेवून पुढे जात राहिलो. मागे मंत्रिमहोदय, सभेची वेळ दहाची. तेवढ्यात शेजारून सहवैमानिकाचा आवाज आला, "सर, मागे फिरू या."

मी फिरलो. काही विचारलं नाही. दोघांपैकी कुणीही एकाने 'मागे' म्हटलं की फिरायचं, चर्चा जमिनीवर, हा नियम मुख्य वैमानिक झालो तेव्हा मीच घातला. मला स्वतःला तो ऐकायची वेळ आज पहिल्यांदा आली.

बरोबर आजच्या तारखेला, २००९ साली, आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचं बेल ४३० हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात कोसळलं. पाच माणसं गेली, त्यांत दोघे वैमानिक. पावसाळी ढग, डोंगर, सरकारी दौरा, सगळं आमच्यासारखंच. हवा बिघडत होती आणि दोघेही गिअरबॉक्समधल्या तेलाच्या दाबाच्या इशाऱ्यात अडकले होते, पुस्तिकेत उपाय शोधत होते. चौकशीतली ही गोष्ट मी प्रत्येक नव्या वैमानिकाला सांगतो. एकाने पुस्तिका बघायची, दुसऱ्याने बाहेरच बघायचं. आज माझ्यापुढे पुस्तिका नव्हती, ती फट होती. बाहेर बघत असूनही मी फक्त तेवढंच बघत होतो.

परत का फिरलात, म्हणून दुपारभर फोन आले. ते झेलणं माझं कामच आहे. रोस्टर, तपासण्या, कागद हे कुणीही करेल. पण तो फोन त्या पोरापर्यंत जाऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठी या खुर्चीत बसायचं.

संध्याकाळी त्याला चहाला बोलावलं. विचारलं, "किती वेळ मनात होतं?"

बराच वेळ कपाकडे बघत राहिला. "दोन मिनिटं असतील, सर. वाटलं, तुम्हाला दिसत असेलच."

आम्ही १२० नॉटने जात होतो. दोन मिनिटं म्हणजे साडेसात किलोमीटरच्या आसपास, तेही घाटाच्या दिशेने. त्याने तोंड उघडलं म्हणून मी त्याचं कौतुक करायला बसलो होतो, आणि ती दोन मिनिटं माझ्याच दराऱ्याची निघाली.

अहवालात परतीच्या कारणापुढे 'हवामान' लिहितात. मी 'हवामान, सहवैमानिकाच्या सूचनेवरून' असं लिहिलं. उद्या पाटणला पुन्हा जायचंय. तोच शेजारी असेल. निघण्याआधी त्याला सांगायचं आहे, की मला दिसत असेलच असं धरून चालू नकोस.