सोळा आकडे, तीन मोकळ्या जागा

जळगावच्या एका केळी वेफर्सवाल्यांची साइट मी बनवली. परवा चोपड्याहून एका काकांचा फोन आला, "भाऊ, कार्डावर जसा छापलाय तसाच नंबर टाकला, तरी चुकीचा म्हणतंय!" कार्डावर चार-चार आकड्यांनंतर मोकळी जागा असते, तीच माझा कोड नाकारत होता. चूक माझी, मनस्ताप त्यांना. फार लागलं मनाला.

आता मोकळ्या जागा आणि डॅश आधी काढून टाकतो. मराठी कीबोर्डवरचे आकडेही इंग्रजी आकड्यांत बदलून घेतो, कारण जावास्क्रिप्ट या कोडच्या भाषेतल्या रेजेक्सला, म्हणजे मजकुरातले आकडे ओळखायच्या सूत्राला, ते आकडे वाटतच नाहीत. मग लून तपासणी, म्हणजे कार्डाचा नंबर टाकताना चुकला का ते पाहायचं गणित: उजवीकडून दर दुसरा आकडा दुप्पट करायचा, नऊच्या वर गेला तर नऊ वजा, आणि एकूण बेरजेला १० ने पूर्ण भाग जायला हवा. ४१११ ११११ ११११ ११११ या टेस्ट नंबरची बेरीज ३० येते. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांना १९६० साली याचं पेटंट मिळालं. एखादा आकडा चुकला तर हमखास सापडतो. ०९ चं ९० झालं तर मात्र निसटतं.

लांबी सोळाच धरू नका, अमेक्स (अमेरिकन एक्सप्रेस) कार्डाचे आकडे पंधरा असतात. आणि नंबर लॉगमध्ये, म्हणजे साइटच्या कामकाजाच्या नोंदींत, लिहू नका, कधीच नाही!

संध्याकाळी काकांची ऑर्डर आली. दोन किलो, मिरीवाले.